क्लचचे दोन अल्बम, आणि दोन्हीकडे फ्रेड मॅकडोवेल

‘रोबॉट हाइव्ह/एक्झोडस’ आणि ‘फ्रॉम बील स्ट्रीट टू ऑब्लिव्हियन’. क्लच या अमेरिकन बँडचे हे दोन अल्बम ऐकणाऱ्याच्या डोक्यात हमखास एकमेकांत मिसळतात. कुठलं गाणं कुठल्या अल्बममधलं, हे जुन्या चाहत्यांनाही पटकन सांगता येत नाही.

त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. पहिला २००५ चा, दुसरा २००७ चा. मेरीलँडच्या जर्मनटाउनमधले तेच चौघे: गाणारा नील फॅलन, गिटारवर टिम सल्ट, बासवर डॅन मेन्स, ड्रम्सवर जाँ-पॉल गॅस्टर. दोन्हीकडे मिक शॉअरचा ऑर्गन. आणि दोन्हीकडे मिसिसिपी फ्रेड मॅकडोवेल या म्हाताऱ्या गायकाची सावली. तो गायचा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं, दुःख गाणारं संगीत.

नावावरून जाल तर फसाल. बील स्ट्रीट म्हणजे मेम्फिसमधला ब्लूजचा प्रसिद्ध रस्ता, तेव्हा जुनी ब्लूज गाणी तिथेच असतील असं वाटतं. प्रत्यक्षात ती आहेत रोबॉटवाल्या अल्बमच्या शेवटी, लागोपाठ दोन: मिसिसिपी फ्रेड मॅकडोवेलचं ‘ग्रॅव्हल रोड’ आणि हाउलिन वुल्फचं ‘हूज बीन टॉकिंग’. आधीची बारा गाणी क्लचची स्वतःची. त्यातल्या एकाचं तर नावच शून्य आणि एकच्या आकड्यांचं आहे.

मॅकडोवेलबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. नावात मिसिसिपी असली तरी जन्म टेनेसीतल्या रॉसव्हिलचा. पुढे मिसिसिपीतल्या कोमो गावाजवळ तो शेती करून राहिला. १९५९ मध्ये लोकसंगीत गोळा करत फिरणाऱ्या अॅलन लोमॅक्सने त्याला पहिल्यांदा रेकॉर्ड केलं, तोवर त्याची पन्नाशी उलटली होती. त्याचा ब्लूज उत्तर मिसिसिपीतल्या टेकड्यांच्या मुलखातला. ब्लूजमध्ये एरवी ठरावीक मात्रांनंतर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलतात; इथे वादक एकाच कॉर्डवर ठाण मांडतो, तोच तुकडा घोळवत राहतो आणि त्यावर बोटात घातलेली नळी, म्हणजे स्लाइड, तारेवरून रडत जाते. क्लचला ज्यात धरतात तो स्टोनर रॉक, म्हणजे जड गिटारचा रॉक, तरी दुसरं काय करतो? एक जाड रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, धरायची आणि ती अंगात भिनेपर्यंत सोडायची नाही. क्लचला मॅकडोवेल इतका जवळचा का वाटला असेल, याचं उत्तर मला इथे सापडतं.

आता बील स्ट्रीटकडे. इथलं ‘इलेक्ट्रिक वरी’ मॅकडोवेलच्या ‘फ्रेड्स वरीड लाइफ ब्लूज’वरून आलंय. ‘एक ना एक दिवस तू माझ्या जिवाला घोर लावायची थांबशील’ या अर्थाची त्यातली ओळ मॅकडोवेलच्याही आधीची. ती १९३५ मध्ये स्लीपी जॉन एस्टिसने गायली, १९४१ मध्ये बिग मेसिओने, आणि तशीच फिरत फिरत क्लचपर्यंत आली. पण इथे बँडने गाणं नुसतं पुन्हा वाजवलेलं नाही. ओळी जुन्या, पण त्यांना जोडलेला ‘वामोनोस’चा (स्पॅनिशमध्ये ‘चला!’) पुकारा स्वतःचा, आणि मध्ये एरिक ओब्लँडरचा हार्मोनिका घुसतो तो थेट छातीत. गाणं संपतं तेच पुढच्या ‘वन आय डॉलर’मध्ये शिरत.

निर्मातेही वेगळे. पहिल्याचा जे. रॉबिन्स, दुसऱ्याचा जो बॅरेसी. पहिल्यात ऑर्गन पुढे येऊन बोलतो, कल्पना इकडून तिकडे उड्या मारतात. दुसरा आटोपशीर: बारा गाणी, आवाज घट्ट, सगळे एका खोलीत खांद्याला खांदा लावून वाजवताहेत असा.

मला स्वतःला दुसरा जास्त प्रिय आहे. पहिल्यात ब्लूज शेवटी आलेल्या मानाच्या पाहुण्यासारखा आहे, दुसऱ्यात तो घरचाच झालाय. तरी नव्याने ऐकणाऱ्याला मी आधी ‘ग्रॅव्हल रोड’ लावून देतो, मग मॅकडोवेलचं मूळ, आणि त्यानंतरच ‘इलेक्ट्रिक वरी’. या क्रमाने ऐकलं की दोन अल्बमांची गल्लत पुन्हा होत नाही.