पोस्टग्रेस सर्व्हर सुरू न होणे

पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेस सर्व्हरच्या व्यवस्थापनात वारंवार येणारी अडचण. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या प्रकल्पातून हा सर्व्हर घडला. पोस्टग्रेसएसक्यूएल हे नाव त्याला १९९६ मध्ये मिळाले. ‘डेटाबेस बंद आहे’ या एकाच तक्रारीखाली दोन वेगळे प्रकार येतात : सर्व्हरची प्रक्रिया उभीच राहत नाही, किंवा ती चालू असूनही जोडणी देत नाही. उपाय अगदी निराळे असल्याने आधी हे ठरवावे लागते.

पहिला सुगावा क्लायंटला, म्हणजे सर्व्हरशी जोडणी मागणाऱ्या प्रोग्रामला, आलेल्या संदेशात असतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर बहुधा त्या पत्त्यावर आणि पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) कोणी ऐकत नाही. सर्व्हर बंद असेल, ५४३२ या नेहमीच्या पोर्टऐवजी दुसऱ्यावर असेल, किंवा फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच यंत्रापुरते, ऐकत असेल. मूळ सेटिंग तसेच असते. बराच वेळ काहीच उत्तर न येता प्रयत्न संपला, तर संशय फायरवॉलवर घ्यावा. ‘फेटल’ शब्दाने सुरू होणारा संदेश पाहून लोक घाबरतात. पण क्लायंटला असा संदेश सर्व्हरकडून मिळाला याचा अर्थच तो जिवंत आहे. फेटलमुळे फक्त ती एक जोडणी तुटते. सगळा सर्व्हर खाली आणणाऱ्या चुकीला पोस्टग्रेस ‘पॅनिक’ म्हणतो.

जिवंत सर्व्हर जोडणी नाकारतो त्याची कारणे थोडी आहेत. कोणाला कुठून जोडणी द्यावी हे ठरवणाऱ्या पीजी-एचबीए फाइलमधले नियम वरून खाली वाचले जातात आणि लागू पडणारा पहिलाच नियम अंतिम ठरतो. त्यामुळे खाली नवी ओळ जोडूनही फरक न पडणे हा नित्याचा अनुभव आहे. दुसरे कारण जोडण्या संपण्याचे : मूळ मर्यादा १०० जोडण्यांची असते. ती वाढवत नेण्यापेक्षा पीजीबाउन्सरसारखा पूलर (थोड्या जोडण्या अनेक क्लायंटना वाटून देणारा प्रोग्राम) मध्ये बसवणे चांगले, कारण प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया चालते. ‘स्टार्टिंग अप’ असा संदेश आला तर थांबावे. सर्व्हर अचानक बंद पडल्यानंतरची दुरुस्ती चालू असते, आणि ती मध्येच मारली की पुन्हा करावी लागते.

प्रक्रियाच उभी राहत नसेल तर लॉग वाचण्याला पर्याय नाही. लॉग लिहिण्याची सोय सुरू होण्याआधीच सर्व्हर कोसळला असेल, तर संदेश लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या जर्नलमध्ये सापडतो. डेबियन व उबुंटूवर एक फसवी गोष्ट आहे : ‘पोस्टग्रेसएसक्यूएल’ नावाची सर्व्हिस नुसते छत्र असून आतला क्लस्टर (एका सर्व्हरखालचा डेटाबेसांचा संच) बंद असतानाही ती सक्रिय दिसते. खरी स्थिती पीजी-एलएसक्लस्टर्स ही आज्ञा दाखवते. कॉन्फिगरेशनमधली चूक लॉगमध्ये ओळ क्रमांकासह मिळते. डेटा डिरेक्टरीच्या परवानग्या सैल असतील किंवा रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवले असेल, तर सर्व्हर मुद्दाम नकार देतो. मुख्य आवृत्ती बदलल्यावर जुनी डेटा डिरेक्टरी तशीच चालत नाही. तिथे पीजी-अपग्रेड हे साधन किंवा डंप (डेटाची बाहेर काढलेली प्रत) लागतो.

पोस्टमास्टर या सर्व्हरच्या मुख्य प्रक्रियेचा क्रमांक नोंदवणारी पीआयडी फाइल वीज गेल्यावर मागे राहते आणि ती शिळी आहे हे सर्व्हर बहुधा स्वतःच ओळखतो. जुनी प्रक्रिया खरोखर संपली आहे याची खात्री न करता ही फाइल पुसणे घातक आहे, कारण एकाच डेटावर दोन सर्व्हर चढले तर डेटा बिघडतो.

सर्वांत मोठे नुकसान मात्र भरलेल्या डिस्कवर होते. प्रत्येक बदल आधी वॉल या नोंदवहीत, मूळ सेटिंगनुसार १६ मेगाबाइटच्या फाइलींत, लिहिला जातो. या फाइलींच्या प्रती दुसरीकडे ठेवणारी संग्रहणाची आज्ञा अपयशी ठरत असेल किंवा विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट (प्रतिकृती सर्व्हरसाठी वॉल धरून ठेवणारी नोंद) मागे राहिला असेल, तर या फाइली साचत जातात आणि शेवटी सर्व्हर पॅनिक होऊन थांबतो. या फाइलींच्या डिरेक्टरीचे नाव पूर्वी पीजी-एक्सलॉग होते. नावात ‘लॉग’ पाहून जागेसाठी तिच्यातल्या फाइली पुसणारे इतके निघाले, की २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ते बदलून पीजी-वॉल करण्यात आले. त्या फाइली गेल्या की दुरुस्तीचा आधारच जातो. योग्य मार्ग म्हणजे डिस्क वाढवणे किंवा तिच्यावरच्या डेटाबेसबाह्य फाइली हलवणे, सर्व्हर सुरू करणे आणि मग संग्रहण किंवा स्लॉट दुरुस्त करणे. तेराव्या आवृत्तीपासून स्लॉटने किती वॉल धरून ठेवावे यावर मर्यादा घालता येते.

वॉल खरोखरच गेले असेल आणि बॅकअपही नसेल, तरच वॉल नव्याने मांडणारे पीजी-रिसेटवॉल हे साधन वापरावे. त्याआधी संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत काढावी. या साधनाने सर्व्हर सुरू होतो, पण अर्धवट राहिलेले व्यवहार आत तसेच असू शकतात. म्हणून लगेच डंप घेऊन तो नव्या क्लस्टरमध्ये भरावा लागतो आणि नोंदींची विसंगती हाताने तपासावी लागते.