पंखवाले हुसार आणि टोपीवाले उवान: पोलंडच्या दोन घोडदळांची गल्लत

समाजमाध्यमांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. पाठीला गरुडपिसांचे उंच पंख, अंगात चकचकीत चिलखत, हातात लांबलचक भाला असा एक स्वार चित्रात असतो आणि खाली लिहिलेलं असतं की, १९३९ मध्ये हिटलरच्या रणगाड्यांवर पोलंडचे हे शूर घोडेस्वार भाले घेऊन तुटून पडले. चित्रातला माणूस आणि खालचं वर्ष यांच्यात दीडशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. चित्रातला स्वार हुसार. १९३९ मध्ये घोड्यावर होता तो उवान, ज्याला इंग्रजी पुस्तकांत उहलान म्हणतात. आणि रणगाड्यांवर भाल्यानं हल्ला या दोघांपैकी कुणीच केला नाही.

गल्लत होण्याला कारणं आहेत. दोघंही पोलंडचे, दोघांच्या हाती भाला, भाल्याच्या टोकाशी फडफडणारं निशाण. त्यात भर म्हणजे युरोपातल्या इतर फौजांमध्येही हुसार होते, पण ते हलक्या घोडदळाचे, दोऱ्यांच्या नक्षीचे आखूड डगले घालणारे. त्यामुळे फ्रेंच किंवा प्रशियन हुसारांबद्दल वाचलेलं पोलिश हुसारांना लावलं की सगळंच उलटं होतं. उवानही पोलंडपुरते राहिले नाहीत. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंच खेड्यापाड्यांत ज्या उवानांची दहशत होती ते प्रशियाचे, म्हणजे जर्मन होते.

आधी हुसार. पोलंडच्या खजिन्याच्या हिशेबात ते १५०० च्या सुमारास दिसू लागतात. तेव्हा ते सर्बियाकडून आलेले भाडोत्री स्वार होते, ढाल-भाला घेतलेले, हलके. पुढे १५७६ मध्ये गादीवर आलेल्या स्तेफान बातोरीनं त्यांना चिलखत चढवलं आणि शत्रूची फळी फोडणारं जड घोडदळ म्हणून त्यांची घडी बसवली. इथून पुढची शंभर वर्षं त्यांची.

त्यांचं खरं हत्यार म्हणजे कोपिया हा भाला. लांबी साधारण साडेचार ते सहा मीटर. एवढा लांब भाला भरीव लाकडाचा केला तर भरधाव घोड्यावर एका हातानं पेलणं अशक्य, म्हणून दांडा आतून पोकरलेला असे. मुठीच्या पुढे हाताचं रक्षण करणारा लाकडी गोळा, आणि भाल्याचा बुंधा टेकवायला खोगिराला बांधलेली चामडी नळी. म्हणजे धडकेचा जोर स्वाराच्या खांद्यावर न येता बराचसा घोड्यावर जाई. समोरच्या पायदळाच्या लांब भाल्यांपेक्षा आपला भाला आधी पोचावा, हा सगळा हिशेब. पहिल्या धडकेत भाला मोडायचाच, ते गृहीत होतं. मोडला की मागे फिरायचं, नवा घ्यायचा, पुन्हा यायचं. नवा भाला नसला तर खोगिराला लटकवलेली कोंचेश, म्हणजे फक्त भोसकण्यासाठी केलेली सरळ लांब तलवार, उपसायची. कमरेला तलवार वेगळी, शिवाय पिस्तुलं आणि लढाईचा हातोडा. एका स्वाराकडे एवढा सरंजाम पाहिला की खर्चाचा अंदाज येतो.

हा खर्च स्वार स्वतःच्या खिशातून करत असे. हुसार हा सरदार-जमीनदार घराण्यातला माणूस. तो स्वतःचा घोडा, चिलखत आणि हत्यारं घेऊन येई. सोबत दोन-चार हत्यारबंद साथीदारही आणी, आणि त्यांचे घोडेही त्याचेच असत. आपल्या भाषेत सांगायचं तर हुसार शिलेदार आणि त्याचे साथीदार बारगीर. गंमत म्हणजे लढाईत हमखास मोडणारा तो भाला मात्र बहुधा तुकडीच्या नायकाकडून किंवा सरकारातून मिळे.

चढाईची पद्धत लोक समजतात तशी आंधळी नव्हती. सुरुवात सावकाश आणि विरळ रांगेत, म्हणजे बंदुकीच्या गोळ्यांना लक्ष्य कमी मिळावं. जवळ येता येता वेग वाढवायचा आणि अगदी शेवटच्या टप्प्यात रांग आवळून गुडघ्याला गुडघा लावून धडकायचं. विरळ रांग ऐन दौडीत आवळणं हे घोडेस्वारीचं फार वरच्या दर्जाचं काम आहे. मला विचाराल तर हुसारांची खरी करामत पंखांत नव्हती, ती इथे होती. त्यासाठी पश्चिम युरोपातल्या चिलखती सरदारांचे (नाइट) अवजड घोडे उपयोगाचे नव्हते. स्थानिक घोड्यांत तुर्की आणि तातारी रक्त मिसळून तयार झालेली, चपळ पण दमदार जनावरं त्यांना लागत. खोगीर पौर्वात्य घडणीचं, लाकडी सांगाड्याचं.

हे जमून आलं की काय होई, त्याची दोन उदाहरणं. २७ सप्टेंबर १६०५ रोजी रिगाजवळ किर्खोल्मला पोलिश बाजूचा सेनापती यान कारोल होद्केविचकडे जेमतेम चार हजार माणसं होती आणि समोर अकरा हजारांच्या घरात स्वीडिश फौज टेकडीवर ठाण मांडून होती. होद्केविचनं माघारीचं सोंग करून त्यांना टेकडीखाली ओढलं आणि मग हुसार सोडले. लढाई काही तासांत संपली. पाच वर्षांनी क्वुशिनला दुसरा पोलिश सेनापती स्तानिस्वाव झुव्कयेव्स्कीनं साडेसहा हजारांच्या आसपास फौजेनिशी तीसेक हजारांच्या रशियन-स्वीडिश सैन्याचा पराभव केला. तिथे काही तुकड्यांनी आठ-दहा वेळा चढाई केल्याच्या नोंदी आहेत. घोडा इतक्या वेळा दौडवायचा, तो प्रत्येक वेळी आवरून मागे आणायचा आणि परत रांगेत लावायचा. १२ सप्टेंबर १६८३ ला व्हिएन्नाला पडलेल्या तुर्की वेढ्यावर पोलंडचा राजा यान सोबियेस्कीची जी प्रसिद्ध घोडदौड उतरली, तीत हुसार तीनेक हजार होते. बाकीचे हजारो स्वार इतर पोलिश आणि जर्मन घोडदळाचे. नाव मात्र पंखवाल्यांचं झालं.

आता ते पंख. वक्राकार लाकडी पट्टीत पिसं खोवून केलेले, आधी खोगिराला आणि पुढे पाठीमागे लावले जाणारे हे पंख होते, यात शंका नाही. राजा तिसऱ्या झिग्मुंटच्या लग्नाच्या वेळी, १६०५ मध्ये, क्राकुवमध्ये निघालेल्या मिरवणुकीचं, सुमारे पंधरा मीटर लांब गुंडाळीवर काढलेलं चित्र आज उपलब्ध आहे. त्यात पंखवाले हुसार स्पष्ट दिसतात. ही गुंडाळी स्वीडिश सैन्यानं सतराव्या शतकात लुटून नेली होती, ती १९७४ मध्ये स्वीडननं परत केली. पण चित्र मिरवणुकीचं आहे, लढाईचं नाही. पंखांच्या सळसळीनं शत्रूचे घोडे बुजत ही कथा सगळीकडे सांगितली जाते. त्याला समकालीन भक्कम आधार नाही, आणि हजारो घोड्यांच्या टापा, बंदुका, तोफा यांच्या गोंगाटात पिसांची सळसळ कुणाला ऐकू येणार? थाटासाठी, दबदब्यासाठी पंख होते असं मानणं जास्त पटतं. खांद्यावरची बिबट्याची कातडी त्याच जातीतली.

हुसारांचा अंतही थाटातच झाला, पण केविलवाणा. बंदुका सुधारल्या, लढायांनी जमीनदार खंक झाले. १६२६ मध्येच ग्न्येव्हला स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फच्या पायदळानं बंदुकांच्या माऱ्यानं त्यांना थोपवलं होतं. अठराव्या शतकात हुसार इतके शोभेपुरते उरले की बड्या लोकांच्या अंत्ययात्रांत मिरवणारी फौज म्हणून लोक त्यांची टर उडवत. १७७६ मध्ये त्यांची पथकं मोडून नव्या घोडदळात विलीन झाली. पुढे १७९५ मध्ये पोलंड नावाचा देशच नकाशावरून गेला.

उवानांची गोष्ट नेमकी या पडझडीतून वर येते. मूळ लिथुआनियात वसलेल्या मुसलमान तातारांच्या हलक्या घोडदळात. ना चिलखत, ना पंख. अंगात छातीवर रंगीत पट्टी असलेला डगला, डोक्यावर वरून चौकोनी अशी चाप्का टोपी, आणि हुसाराच्या भाल्याच्या निम्म्या लांबीचा भरीव भाला. काम फळी फोडण्याचं नव्हतं. टेहळणी करायची, पळत्या शत्रूचा पाठलाग करायचा, बाजू सांभाळायची, निरोप पोचवायचे. घोडा, खोगीर, हत्यार सगळं सरकारचं, त्यामुळे शेतकऱ्याचा मुलगाही उवान होऊ शकत होता. देश बुडत चालला होता, पण ऑस्ट्रियानं १७८४ पासून, मग प्रशियानं, रशियानं, नेपोलियननं, सगळ्यांनी हा प्रकार उचलला. ब्रिटिशांनी १८१६ मध्ये आपल्या काही घोडदळ पलटणींना भाले देऊन लान्सर केलं तेव्हा टोपी-डगल्यासकट पोलिश थाटच घेतला. तीच रीत पुढे हिंदुस्थानी लान्सर पलटणींपर्यंत आली. दिल्लीत राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाच्या भाल्यांवर लाल-पांढरी निशाणं दिसतात ती याच परंपरेतली.

उवानी परंपरेतली सगळ्यात गाजलेली चढाई ३० नोव्हेंबर १८०८ ची. स्पेनमधल्या सोमोसिएरा खिंडीत, चढणीच्या अरुंद रस्त्यावर एकामागे एक चार ठिकाणी तोफा लावलेल्या. नेपोलियनच्या रक्षक दलातल्या पोलिश घोडदळाची सव्वाशेच्या आसपास स्वारांची तुकडी, कोझेतुल्स्कीच्या नेतृत्वाखाली, त्या रस्त्यानं थेट वर गेली आणि खिंड मोकळी झाली. निम्म्याच्या जवळपास माणसं मेली किंवा जायबंदी झाली. काटेकोर बोलायचं तर या दलाचं नाव उवान नव्हतं, पण पोशाख आणि बाणा तोच. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या दिवशी त्यांच्याजवळ भाले नव्हतेच. भाले या दलाला पुढच्या वर्षी मिळाले. सोमोसिएराच्या चित्रात भाला दिसला तर तो चित्रकाराच्या मनचा.

१९१८ मध्ये पोलंड पुन्हा उभा राहिला तेव्हा उवान त्याच्या अभिमानाचा विषय होता. ३१ ऑगस्ट १९२० ला कोमारुफजवळ त्यांनी बुद्योन्नीच्या सोव्हिएत घोडदळाला हरवलं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर घोडेस्वारांशी घोडेस्वार भिडण्याची युरोपातली ही जवळजवळ शेवटचीच वेळ. १९३९ पर्यंत पोलंडकडे चाळीस घोडदळ पलटणी झाल्या, त्यातल्या सत्तावीस उवानांच्या. भाला एव्हाना लढाईतून काढून संचलनापुरता ठेवला होता. पलटणीकडे रणगाडाभेदी तोफा आणि बंदुका होत्या. घोड्यावरून वेगानं जायचं, उतरायचं, काही जणांनी घोडे धरून आडोशाला थांबायचं आणि बाकीच्यांनी पायदळासारखं लढायचं, ही शिकवण होती. १ सप्टेंबरला मोक्रा गावापाशी वोविन प्रांताच्या घोडदळ ब्रिगेडनं नेमकं हेच करून जर्मनीच्या चौथ्या रणगाडा डिव्हिजनला दिवसभर अडवून धरलं. मदतीला एक चिलखती आगगाडी होती. लोकांच्या लक्षात राहायला हवी होती ती ही लढाई.

लक्षात राहिली दुसरीच. त्याच संध्याकाळी क्रोयांतीजवळ अठराव्या पलटणीच्या सुमारे अडीचशे उवानांनी उघड्यावर बसलेल्या जर्मन पायदळावर तलवारी उपसून झडप घातली. पायदळ पांगलं. तेवढ्यात झाडीतून चिलखती गाड्या आल्या, मशीनगन सुरू झाल्या, आणि पलटणीचे प्रमुख कर्नल मास्तालेश यांच्यासह वीस-तीस जण गेले. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी इटालियन पत्रकारांना तिथे आणलं. मेलेले घोडे, मेलेले स्वार, शेजारी नंतर येऊन उभे राहिलेले रणगाडे. बातमी तिथून निघाली, जर्मन प्रचारानं ती फुगवली आणि युद्धानंतर पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीलाही जुन्या अधिकाऱ्यांना मूर्ख ठरवायला ती सोयीची पडली. जगाला पटली, कारण पोलिश घोडेस्वार म्हटलं की पंखवाला, भालेवाला, मरणावर तुटून पडणारा हुसार डोळ्यांपुढे आधीच उभा होता. उवानाच्या अंगावर हुसाराची प्रतिमा चढवली गेली.

हे दोघं प्रत्यक्ष पाहायचे तर जागाही वेगळ्या. हुसार किल्ल्यांत सापडतो. पोझ्नानजवळच्या कुर्निक किल्ल्यात हुसारांची चिलखतं आहेत. व्हिस्चुलाकाठचा ग्न्येव्हचा चौकोनी विटांचा किल्ला मूळ ट्युटॉनिक संप्रदायाचा, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेचा. पुढे तिथला कारभार राजा होण्याआधीच्या सोबियेस्कीकडे होता. आज त्याच किल्ल्याशी हौशी मंडळी हुसार बनून जुनी लढाई उभी करतात. उवानाचं घर मात्र बराकीत. त्याच नदीकाठी थोडं वर ग्रुजोंद्स शहरात १९२० ते १९३९ पोलंडची घोडदळ शाळा होती. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पिकाडोर घोड्यावरून अडथळे ओलांडून कांस्यपदक मिळवणारा आदाम क्रुलिक्येविच हा याच घोडदळाचा अधिकारी. बर्लिनला १९३६ मध्ये पोलिश अधिकाऱ्यांनी सांघिक रौप्यही घेतलं.

महाराष्ट्रात या कहाणीचा धागा कोल्हापूरजवळ वळिवडेला येतो. १९२० च्या युद्धात लढलेल्या सैनिकांना पोलंडच्या पूर्व सीमेवर जमिनी दिल्या गेल्या होत्या. १९४० च्या फेब्रुवारीत सोव्हिएत सत्तेनं सर्वांत आधी उचलून सायबेरियाकडे धाडली ती अशीच कुटुंबं. तिथून सुटलेल्यांपैकी सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं, १९४३ पासून काही वर्षं वळिवडेच्या छावणीत राहिली. त्या मुलांच्या घरी आठवणी असतील त्या चौकोनी टोपीच्या. पंखवाला हुसार त्यांनाही आपल्यासारखाच चित्रातून माहीत.