पाव, पाव आणि पाव

सारसबागेतल्या गणपतीपुढे ‘पाव रे बाप्पा’ म्हणून हात जोडायचे आणि येताना बेकरीतून पाव किलो खारी आणि एक लादी पाव घ्यायचा, यात पुण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तासाभरात तीन ‘पाव’ तोंडून जातात आणि तिन्हींची कुळं वेगळी.

नवसाचा पाव संस्कृत ‘प्राप्’मधला. प्राकृतात सुरुवातीच्या ‘प्र’चा ‘प’ झाला आणि दोन स्वरांत सापडलेल्या ‘प’चा ‘व’. दीपाचा दिवा आणि कपाटाचं कवाड याच वाटेने झालं. पाव किलोतला पाव म्हणजे ‘पाद’. इथे मधला ‘द’ गळाला आणि रिकाम्या जागी ‘व’ येऊन बसला. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, हा हिशेब फार जुना. पुरुषसूक्तातही ‘पाद’ चतुर्थांश म्हणून येतो. सव्वा म्हणजे ‘सपाद’, पाऊण म्हणजे ‘पादोन’. रिक्षावाला ‘पावणेदोनशे’ सांगतो तेव्हा तो संस्कृतच बोलत असतो, जरा झिजलेलं इतकंच.

असे बदल लहरीने होत नाहीत, ते ओळीने होतात. लॉ कॉलेज रोडवरची संस्था ज्यांच्या नावाने आहे, त्या रा. गो. भांडारकरांनी १८७७ सालच्या विल्सन व्याख्यानांत संस्कृत, पाली, प्राकृत ते आजच्या भाषा अशी ही साखळी मांडून दाखवली होती.

वडापावातला पाव मात्र जहाजाने आला. १५१० साली गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांचा हा शब्द, उच्चार नाकातून, साधारण ‘पाँव’. मूळ लॅटिन ‘पानेम’. पोर्तुगीजमध्ये मधला ‘न’ गळाला, मागे नाकातला सूर तेवढा राहिला; तिथे हातासाठीच्या ‘मानुम’चंही असंच ‘माँव’ झालं. पायाने मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती ऐकायला झकास आहे, पण खोटी. जपान्यांनीही हाच पोर्तुगीज शब्द उचलला, पण त्यांच्याकडे तो ‘पान’ झाला. आपलं विड्याचं पान ‘पर्ण’मधलं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आता खरी गंमत. हल्ली पुण्यातल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर ‘बाओ’ दिसतो: चिनी, पांढरा, मऊ, वाफवलेला. रोमन लिपीत तो ‘बी’ने लिहितात, पण चिनी तोंडातला तो ध्वनी आपल्या ‘प’च्या जवळचा आहे. मलेशियात त्याला सरळ ‘पाउ’ म्हणतात. पिठाचा मऊ गोळा, नावही तेच, मग एकाने दुसऱ्याकडून घेतलं असणार असं वाटणारच. पण चिनी शब्दाचा मूळ अर्थ ‘गुंडाळणे’. आत सारण गुंडाळलेलं म्हणून ते नाव. आणि ते नाव सोंग राजवटीपासून, म्हणजे ९६० ते १२७९ या काळापासून चालत आलेलं. पोर्तुगीज जहाजं चीनला पोचली सोळाव्या शतकात. उलट दिशेने पाहिलं तरी जमत नाही, कारण पोर्तुगीज शब्दाचा ‘न’वाला पूर्वज थेट रोमनांपर्यंत सापडतो. निव्वळ योगायोग! माणसाच्या तोंडाला ध्वनी मोजके, सांगायच्या गोष्टी अमाप, त्यामुळे आखूड शब्द एकमेकांवर आदळतातच. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबरम या भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. इंग्रजांशी त्याचा काडीचा संबंध नाही. ‘गुडागा’सारख्या जुन्या शब्दाची सुरुवात झिजून तो उरला.

याउलट खरे नातलग अनेकदा ओळखूही येत नाहीत. इंग्रजीच्या घराण्यात जुना ‘प’ नियमाने ‘फ’ झाला: पितृ तसा फादर, पाद तसा फूट. लॅटिनमधला पावाचा शब्द आणि इंग्रजी ‘फूड’ हे दोन्ही ‘खाऊ घालणे’ या एकाच जुन्या धातूपासून आले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा पाव किलोतला पाव ‘फूट’चा चुलतभाऊ आणि वडापावातला पाव ‘फूड’चा.