पिशवीत उरलेल्या पांढऱ्या पेशी कशा मोजतात?

थॅलेसेमिया असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्याला हव्या असतात फक्त लाल पेशी. पण दात्याच्या 350 मिलिलिटर रक्ताबरोबर दोन-अडीच अब्ज पांढऱ्या पेशीही पिशवीत येतात आणि त्रास देतात. रक्त चढवताना थंडी वाजून ताप येतो. सायटोमेगॅलो विषाणू या पेशींत दडून रुग्णापर्यंत पोचतो. त्यांच्यावरच्या एचएलए या, आपलं-परकं ओळखायला लावणाऱ्या प्रथिनांविरुद्ध रुग्णाच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात, आणि मग पुढे कधी प्लेटलेट द्यायची वेळ आली तर त्या टिकत नाहीत.

म्हणून रक्त ल्युकोरिडक्शन फिल्टरमधून, म्हणजे पांढऱ्या पेशी अडवणाऱ्या गाळणीतून, गाळतात. रक्तपेढीतच, साठवण्याआधी गाळलेलं उत्तम, कारण साठवणीत या पेशी ताप आणणारी रसायनं सोडत राहतात. ब्रिटनने तर व्हीसीजेडी या मेंदूच्या आजाराच्या भीतीने 1999 साली सगळंच रक्त गाळायला सुरुवात केली.

गाळून झाल्यावर पिशवीत किती पांढऱ्या पेशी चालतात? युरोपात दहा लाखांहून कमी, अमेरिकेत पन्नास लाखांहून कमी. आकडा मोठा वाटतो, पण 250 मिलिलिटरच्या पिशवीत दहा लाख म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये (मिलिलिटरच्या हजाराव्या भागात) जेमतेम चार. त्याच मायक्रोलिटरमध्ये लाल पेशी असतात साठ लाखांच्या आसपास. रोजच्या सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीचं यंत्र इतक्या कमी संख्येला भरवशाचं उत्तर देऊ शकत नाही.

इथे कामी येतं नाजोट चेंबर, म्हणजे पेशी मोजण्यासाठी जाळी आखलेली काचेची पट्टी. नेहमीच्या न्यूबाउअर चेंबरमध्ये रक्ताचा एक मायक्रोलिटरही मावत नाही, नाजोटच्या खोलगट जाळीवर 50 मायक्रोलिटर मावतात. पिशवी नीट हलवून घेतलेला ताजा नमुना दसपट पातळ करायचा. लाल पेशी फोडणारं आणि पांढऱ्यांचं केंद्रक जांभळं रंगवणारं द्रावण त्यात असतंच. पेशी तळाशी बसाव्यात म्हणून चेंबर दहा-पंधरा मिनिटं ओलसर डब्यात झाकून ठेवायचं, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली जाळीचे चाळीसही पट्टे एकेक करून बघायचे. दहा लाखांच्या मर्यादेवरच्या पिशवीत अख्ख्या जाळीवर सुमारे वीस पेशी दिसतात. वीसच्या मोजणीत निव्वळ योगायोगानेही चार-पाचांचा फरक पडतो. त्यात धुळीचा कण की पेशी, हे थकलेल्या डोळ्यांनी ठरवायचं. हे काम किती चिकाटीचं आहे, याची कल्पना रक्तपेढीबाहेर फारशी कुणाला नसते.

फ्लो सायटोमीटर हे चमकणाऱ्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र हे काम लवकर आणि जास्त अचूक करतं. पेशींच्या डीएनएला चमकणारा रंग लावतात आणि नमुन्यात ठरावीक संख्येचे सूक्ष्म मणी मिसळतात. मण्यांमागे किती पेशी मोजल्या गेल्या, यावरून हिशोब निघतो. पण यंत्र महाग आहे.

फिल्टर चांगला असेल तर मोजायचं कशाला, हा प्रश्न मला मुळीच पटत नाही. दात्याला सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचा एकच जनुक असला तर तो ठणठणीत असतो, रक्तदानही करतो. पण पिशवीतल्या कमी ऑक्सिजनमध्ये त्याचं हिमोग्लोबिन एस (या जनुकामुळे बनणारं सदोष हिमोग्लोबिन) गोठून लाल पेशी ताठर होतात. मग फिल्टर तुंबतो, किंवा रक्त खाली उतरतं पण पांढऱ्या पेशीही त्याबरोबर उतरतात. नुसतं बघून ही पिशवी ओळखता येत नाही. रक्तपेढ्या सहसा प्रत्येक पिशवी न मोजता काही नमुनेच तपासतात, त्यामुळे ती हातून निसटू शकते. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या, सिकल सेलचं प्रमाण जास्त असलेल्या भागांत तरी दात्याची (हिमोग्लोबिन एस ओळखणारी) सोल्युबिलिटी चाचणी आणि गाळलेल्या रक्ताची मोजणी या दोन्ही गोष्टी व्हायलाच हव्यात.