मुखातील प्रतिसूक्ष्मजीव पेप्टाइडे

लाळग्रंथी, हिरड्यांचे अस्तर आणि न्यूट्रोफिल या श्वेत पेशींत तयार होणारी, जंतूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी छोटी प्रथिने. यांतील बहुतेकांत १०० पेक्षा कमी अमिनो अम्ले असतात. ती जन्मजात प्रतिकारशक्तीचा भाग असल्याने प्रतिपिंडे तयार होईपर्यंत थांबावे लागत नाही. तोंड निर्जंतुक करणे हे त्यांचे कामच नव्हे. तिथे शेकडो जातींचे जंतू कायम नांदतात, त्यांना आवरून धरले की पुरे.

या पेप्टाइडांवर धनभार असतो आणि जीवाणूंच्या पटलाची बाहेरची बाजू ऋणभारित असते. त्यामुळे ती पटलाला चिकटून त्याला भोके पाडतात. डिफेन्सिने, कॅथेलिसिडिन आणि हिस्टॅटिने हे तोंडातील मुख्य गट.

हिस्टॅटिने फक्त माणूस व काही उच्च प्रायमेटांच्या लाळेत आढळतात. त्यांतले २४ अमिनो अम्लांचे हिस्टॅटिन-५ कँडिडा अल्बिकन्स या कवकावर विशेष प्रभावी ठरते. ते नुसती भोके पाडत नाही, तर पेशीच्या आत शिरते. मग पेशीतील एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) व पोटॅशियम बाहेर झिरपते आणि कवक मरते. कँडिडाही गप्प बसत नाही, स्वतःची प्रथिनभंजक विकरे सोडून हिस्टॅटिन तोडते.

माणसात कॅथेलिसिडिन एकच: एलएल-३७. त्याचे महत्त्व कळले ते कोस्टमान विकारामुळे. या जन्मजात विकारात न्यूट्रोफिल जवळपास नसतात. जी-सीएसएफ हे औषध दिल्यावर त्यांची संख्या वाढते, जीवघेणे संसर्ग आटोक्यात येतात, पण हिरड्यांचा आजार मात्र हटत नाही. २००२ मध्ये स्वीडिश संशोधकांना अशा रुग्णांच्या न्यूट्रोफिलांत एलएल-३७ चा अभाव आढळला. रुग्ण मोजकेच होते, तरी पेशींची संख्या भरली म्हणजे बचाव भरला असे नाही, हे त्यातून दिसले. पापियाँ-लफेव्हर या आनुवंशिक विकारात कॅथेप्सिन-सी हे इतर विकरांना कार्यक्षम करणारे विकर सदोष असल्याने पूर्वगामी प्रथिनातून एलएल-३७ कापून वेगळे करणारे विकरच कामी येत नाही. अशा मुलांचे दुधाचे आणि पुढे कायमचे दातही अकाली पडतात. मात्र तिथे इतर विकरेही बिघडलेली असतात, त्यामुळे सगळा दोष या एका पेप्टाइडावर टाकता येत नाही.

हिस्टॅटिन-५ मधील १२ अमिनो अम्लांच्या पी-११३ या तुकड्याची औषध म्हणून चाचणी झाली आहे. अशा औषधांपुढची मोठी अडचण लाळेतच आहे: तिच्यातील विकरे हिस्टॅटिनांचे झटपट तुकडे करतात.