दुरुस्तीकाळातील पर्यायी वाहन कवच

अपघातग्रस्त गाडी गॅरेजमध्ये असेपर्यंत होणारा प्रवासखर्च अंशतः भरून देणारे, मोटार विम्याच्या मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचे कवच. भारतात ते बहुधा ‘डेली अलाउन्स’ म्हणून विकले जाते. विमाकंपनी सहसा दुसरी गाडी देत नाही, ठरलेली दैनिक रक्कम देते.

या कल्पनेचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. अमेरिकी पद्धतीत भाड्याच्या गाडीच्या बिलाची मर्यादेत परतफेड होते. इंग्रजी कायद्यात मात्र वापर बुडणे हेच नुकसान मानले गेले. ‘मेडियाना’ खटल्यात (1900) दीपनौकेचे (जहाजांना वाट दाखवणारा दिवा असलेल्या नौकेचे) नुकसान झाले होते; बंदर मंडळाकडे दुसरी राखीव दीपनौका असूनही नुकसानभरपाई मंजूर झाली. भारतीय कवचात अनेकदा भाड्याची पावती मागितली जात नाही, त्यामुळे ते दुसऱ्या कल्पनेला अधिक जवळचे वाटते. 2002 च्या मोटार टॅरिफमधील (मोटार विम्याचे दर व अटी ठरवणाऱ्या नियमावलीतील) पॉलिसीत परिणामजन्य नुकसान, म्हणजे अपघातामुळे पुढे ओघाने होणारा खर्च, वगळलेले होते, म्हणून हा खर्च मूळ विम्यात बसत नाही. अशी जोडकवचे 2007 मध्ये दरनियंत्रण उठल्यानंतरच्या काळात रुजली.

नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीवर हे कवच मिळत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा मंजूर झाला तरच भत्ता लागू होतो. गिअरबॉक्स बिघडला किंवा क्लच गेला तर नाही. सुरुवातीचे एकदोन किंवा तीन दिवस बहुधा वगळतात आणि कमाल दिवस ठरलेले असतात. समजा, भत्ता 500 रुपये, पहिले 3 दिवस वगळलेले आणि मर्यादा 10 दिवसांची आहे. गाडी 16 दिवस गॅरेजमध्ये राहिली तर उरलेल्या 13 पैकी 10 दिवसांचे 5,000 रुपये मिळतील. 2,000 रुपये रोजाने गाडी भाड्याने घेतली असेल, तर त्याच 16 दिवसांचा खर्च 32,000 होतो.

विदर्भाच्या ग्रामीण भागात खरी अडचण दिवस मोजण्यात येते. रात्री रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवे आले की बंपर, रेडिएटर, कंडेन्सर आणि हेडलाइट एकदम जातात. विमाकंपनीच्या यादीतले गॅरेज बहुधा अमरावती, अकोला किंवा नागपूरला असते. धारणी किंवा सिरोंच्याहून गाडी तिथे टो करून न्यावी लागते. अनेक पॉलिसींत मोजणी गाडी गॅरेजमध्ये जमा झाल्यापासून होते, त्यामुळे गावात उभी असलेली गाडी भत्त्यात धरली जात नाही. यासाठी कंपनीला लगेच कळवावे, जागेवरचे फोटो काढावेत, जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर) जमा झाल्याची तारीख लिहून घ्यावी आणि सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) पाहण्याआधी गाडी उघडू देऊ नये. पार्ट येईपर्यंतचे दिवस धरणार की नाही, हे पॉलिसी घेतानाच लेखी विचारावे. भत्ता तिथे कापला जाऊ शकतो.

तालुक्याच्या गावी स्वतः चालवायची भाड्याची गाडी क्वचितच मिळते. 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान 50 मोटारींची अट आहे. म्हणून लोक गावातलीच पांढऱ्या पाटीची गाडी रोजाने लावतात. हे टाळावेच: खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो, आणि त्या गाडीला अपघात झाला तर तिच्या मालकाचा दावा फेटाळला जाऊ शकतो. पिवळ्या पाटीची गाडी चालकासह घ्यावी आणि पावती जपून ठेवावी.

दुसऱ्या गाडीची चूक असल्यास मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करता येतो; तिथे भाड्याच्या पावत्या पुरावा ठरतात.