फुगलेल्या बॅटरीला टाचणी? नको रे भाऊ!

“फोनची बॅटरी फुगली? टाचणीनं टोचा, हवा काढा, परत चालते.” भुसावळच्या बाजारात हे वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ चूक. सायकलची ट्यूब आहे का ती? आत हवा नसतेच. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतलं रसायन, बिघडून तयार झालेला, पेट घेणारा वायू असतो. शिवाय दोन इलेक्ट्रोडांच्या, म्हणजे आतल्या धन आणि ऋण थरांच्या, मध्ये केसाहून बारीक, साधारण २० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा पडदा. टाचणीनं तो फाटला की आतल्या आत शॉर्ट; मग धूर, मग भडका.

त्यात आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, आणि फोनमधली लिथियम-आयन बॅटरी चार्ज करायची मर्यादाही साधारण तेवढीच. पत्र्याच्या खोलीत उशीखाली फोन चार्जिंगला लावणं म्हणजे कहरच. मागचं झाकण उचललेलं दिसलं की फोन बंद करा, झाकण दाबून बसवू नका. बॅटरी ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत नाही.